कोरड्या बोटांची कवळी

बळवंत चुरीने पेटंटच्या सुनावणीसाठी मुद्दाम शुक्रवार मागून घेतला आणि तिथेच सगळं बोंबललं.

तसा तो विचार करूनच मागितला होता. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला शुक्रवारी सुट्टी. शेजारच्या शेडमधली पत्रे कापायची करकर नाही, मालाच्या गाड्यांचे भोंगे नाहीत. व्हिडिओवर पेटंटच्या साहेबांशी बोलायला याहून चांगला दिवस कुठला? दिशा म्हणजे त्याची पेटंट एजंट, मुंबईला बसायची. तिलाही त्याने हे मोठ्या हुशारीने पटवलं. पण ज्या सुट्टीमुळे तिथे शांतता असते, त्याच सुट्टीला दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, हे बारा वर्षं शेड चालवणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? दर शुक्रवारी तो केळव्याला घरी जेवून झोपलेला असायचा.

सकाळी पावणेनऊला तो इस्त्रीचा शर्ट घालून शेडवर पोचला, तेव्हा त्याचा जुना ऑपरेटर रामा दारात बिडी ओढत बसला होता. रामा मासवणचा. घाई हा प्रकार त्याच्या घराण्यातच नव्हता.

"शेठ, लाईट नाय."

"का?"

"शुक्रवार हाय."

"अरे, मग?"

"मग काय? शुक्रवार हाय," रामा म्हणाला. यापलीकडे आणखी काय समजवायचं, हे त्याला कळेना.

सुनावणी साडेअकराला होती आणि आत ते मशीन निपचित पडलं होतं. हे मशीन म्हणजे बळवंतच्या सात वर्षांची तपश्चर्या. बॅटरीच्या सेलमध्ये कागदापेक्षा पातळ पत्रे एकावर एक रचावे लागतात. एक काळा, मग पांढरा पडदा, मग दुसरा काळा, अशी थप्पी. पण पातळ पत्रे एकमेकांना चिकटतात. एकाऐवजी दोन उचलले गेले की अख्खा सेल बाद. बळवंतच्या मशीनला एक लहानसं बोट होतं. ते पत्र्याच्या कोपऱ्याला हलकी टिचकी मारायचं, क्षणभर थांबायचं, आणि मगच वरचा कप हवेने ओढून पत्रा उचलायचा. टिचकी, थांबा, उचल. दोन पत्रे कधी म्हणून आले नाहीत. ही कल्पना आपल्याला आंघोळ करताना सुचली, असं तो सगळ्यांना सांगायचा.

पेटंटच्या तपासणी अहवालात मात्र साहेबांनी विचारलं होतं की यात नवीन काय आहे? पत्रा उचलण्याआधी कोपरा मोकळा करणं कुणालाही सुचेल. आजची सुनावणी ही शेवटची संधी. आज पटलं तर पटलं, नाहीतर अर्ज निकालात.

आणि नुसता अर्जच नव्हे. महिन्याभरापूर्वी घरी जेवताना झुंबरकाकूने विषय काढला होता. काकू म्हणजे बळवंतच्या चुलत्याची बायको. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. केळव्यात तिचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा. वय बहात्तर झालं, मळ्याला वारस नाही, आणि तिचा एकुलता एक पुतण्या बोईसरात लोखंडाशी झटापट करत बसलेला.

"बळू, तुझ्या त्या मशीनला सात वर्सं झाली. येल लावला असतास तर आतापातूर मांडवाला गेला असता," काकू म्हणाली.

बळवंतचं डोकं फिरलं. "काकू, ह्या वेळी पेटंट नाही मिळालं ना, तर शेडला कुलूप लावतो आणि तुझ्या मळ्यात येतो. बस्स!"

काकूने शब्दाची आठवण म्हणून पदराला गाठ मारली आणि ताटात आणखी भात वाढून घेतला.

तर अशी गोष्ट होती. बळवंत जात्याच हट्टी. वीज नाही म्हणून सुनावणी सोडेल तो चुरी कसला! पलीकडच्या शेडवाल्याकडे जनरेटर होता, पण तो कालच सातपाटीला साखरपुड्याला गेला होता. म्हणजे शेडवालाही आणि जनरेटरही.

"रामा, मशीन टेम्पोत चढव."

"कुठं नेता?"

"केळव्याला. घरच्या विजेवर चालेल ते. हवेचा पंप लहान आहे."

"साडेअकराला पोचू?"

"पोचावंच लागेल."

चौघा वॉचमनना गोळा करून, हिंदीत गयावया करून मशीन चढवलं. पत्र्यांचा खोका मशीनच्या पायाशी ठेवला. पालघरपर्यंत सगळं ठीक चाललं. पालघरच्या नाक्यावर मात्र सातपाटीच्या मंगळीने हात केला. मंगळी गेली वीस वर्षं बळवंतच्या घरी मासे द्यायची. भरल्या पाटीसकट ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, त्यामुळे थांबण्यावाचून इलाज नव्हता.

"भाऊ, केळव्याला चाललाव ना? माना बी घ्या."

"मंगळीबाय, आज नको. मागे मशीन आहे."

"मी काय तुमच्या मशीनला खाते काय?" म्हणत मंगळी मागे चढलीसुद्धा. पाटी टेकवायला तिला एकच सपाट जागा दिसली. तिथे तिने पाटी ठेवली आणि वर हात ठेवून ऐटीत बसली.

केळव्याला उतरताना बळवंतने पाहिलं, तर पाटी पत्र्यांच्या खोक्यावर होती. पाटीत पापलेटं होती. पापलेटांवर बर्फ होता. निदान पालघरला तरी होता. आता त्याचं पाणी होऊन खोक्यात शिरलं होतं आणि सात हजार वेळा तपासलेले ते काळे पत्रे भिजल्या पापडासारखे झाले होते.

"अगं बाई, काय केलंस हे!" बळवंत ओरडला.

"मी काय केलाय? बर्फ इतळला त्याला मी काय करू?" मंगळी म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिचाही जीव चुकचुकला, आणि तिने दोन पापलेटं सुलूच्या हातात ठेवली. सुलू ही बळवंतची बायको. तिने मासे घेतले, नवऱ्याकडे बघितलं, आणि मासे आधी आत नेऊन ठेवले. बाईने संसार असाच केला होता, आधी टिकाऊ नसलेल्या गोष्टींची सोय.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मशीन ओटीवर उतरवलं, कारण पंपाला पुरेल असं जाड प्लगचं सॉकेट तिथेच होतं. आणि ओटीवर झुंबरकाकू बसलेली होती, कारण रोज सकाळी पानं रचायची तिची तीच जागा. पुढ्यात पानांची रास, बाजूला बोटं बुडवायला पाण्याची वाटी. पानांची कवळी, म्हणजे एकावर एक नीट रचलेली गड्डी, ती चाळीस-चाळीसची लावत होती. बाराला पानांची गाडी यायची.

"काकू, आज जरा आत बस ना."

"का म्हणून? मी चाळीस वर्सं हितं बसते. तुजं मशीन आज आलाय."

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. बळवंत कपाळाला हात लावून मशीनकडे बघत होता. मशीन आहे, वीज आहे, रचायला काही नाही. त्याची नजर पानांच्या राशीवर गेली. पान पातळ असतं. पानं एकमेकांना चिकटतात.

"सुलू! ही पानं पूस. अगदी कोरडी. थेंबभर पाणी लागलं तर कप घसरेल."

"अहो, साहेबांना पानं दाखवणार?"

"मग काय पापलेटं दाखवू?"

सुलू पदर खोचून बसली आणि जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक पान पुसायला लागली. काकू शेजारून बडबडत होती, "पानं कोरडी करतात का कोण? शिकलेली माणसं तुमी!" रामाने कपाच्या नळ्या जोडल्या, मशीनच्या बोटाला तेल दिलं आणि साडेअकराला एक मिनिट असताना लॅपटॉप तुळशीच्या कुंडीवर टेकवला.

पडद्यावर एका चौकटीत दिशा आली. दुसरीत तपासणी अधिकारी, प्रदीप देवधर. चष्मा नाकावर, पुढ्यात कागदांची चवड, चेहरा शांत. गेली वीस वर्षं 'माझं यंत्र जगात पहिलं आहे' एवढंच ऐकत आलेला माणूस होता तो.

"चुरीसाहेब, तुम्ही शेडमध्ये नाही?" दिशाने घाबरून विचारलं.

"शुक्रवार आहे," बळवंत म्हणाला, आणि रामाने पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली.

देवधरसाहेबांनी मुद्द्याला हात घातला. "अर्जदार, तुमचा दावा असा आहे. पातळ वस्तूंच्या थप्पीतून एक उचलण्याआधी कोपऱ्याला टिचकी मारायची, क्षणभर थांबायचं आणि मग उचलायचं. बरोबर? आता यात नवीन काय, ते सांगा."

"सांगण्यापेक्षा दाखवतोच साहेब. पत्र्यांचा जरा घोटाळा झालाय, पण तत्त्व तेच आहे," असं म्हणून बळवंतने बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. टिचकी, थांबा, उचल. टिचकी, थांबा, उचल. हिरवीगार पानं एकामागून एक पलीकडे जाऊन बसायला लागली. बळवंतची छाती फुगली. दिशाचा चेहरा खुलला. देवधरसाहेबांनीसुद्धा चष्मा वर सरकवला.

आणि शेजारून काकूचा खणखणीत आवाज आला. "आता ग बया! ह्यो तर माजीच नक्कल करतो!"

बळवंतने झटकन मशीन बंद केलं.

"कोण बोललं?" देवधरसाहेबांनी विचारलं.

"कोणी नाही साहेब, घरातलं माणूस..."

"कोणी नाय कसं? मी झुंबर चुरी," काकू लॅपटॉपसमोर सरकून बसली. "सायेब, ह्ये बगा." तिने अंगठ्याने पानाच्या कोपऱ्याला टिचकी मारली, जरा थांबली, आणि पान उचललं. एक. मग दुसरं. मग तिसरं. मशीनपेक्षा दुप्पट वेगाने. "टिचकी मारायची, दम धरायचा, उचलायचं. माज्या सासूने शिकवलं. तिला तिच्या सासूने. ह्यो बळू लहानपणी माज्या मांडीवर बसून ह्येच बगायचा आन पानं फाडायचा. आंगोळीत सुचलं म्हनतो, मेला!"

बळवंतला खरंच आठवलं. काकूची मांडी, पानांचा ओला वास, आणि कानाशी टच्-टच् असा आवाज. सात वर्षं आपण आपल्या डोक्याला शाबासकी देत होतो, आणि टिचकी हिची होती! त्याला लाजही वाटली आणि भीतीही. एका वाक्यात काकूने त्याचं मशीन खाल्लं होतं.

देवधरसाहेबांनी लेखणी उचलली. "अर्जदार, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या दाव्यात जे लिहिलंय, ते सगळं या बाई हाताने करताहेत."

दिशाने तोंडावर हात ठेवला. काकूच्या मात्र आत्ता ध्यानात आलं की आपण जिंकलो. तिचा हात हळूच पदराच्या गाठीकडे गेला.

पण बळवंत हट्टी होता हे आधी सांगितलंच आहे. तो काकूच्या हाताकडे एकटक बघत राहिला. मग पाण्याच्या वाटीकडे. मग परत हाताकडे.

"साहेब, एक विनंती. काकूने हेच कोरड्या हाताने करून दाखवावं."

"म्हणजे?"

"तिने दर खेपेला बोट पाण्यात बुडवलं. बॅटरीच्या पत्र्याला पाण्याचा थेंब चालत नाही, तो खराब होतो. आमचे आत्ताच झालेत. माझं मशीन कोरडं उचलतं."

दिशा ताठ बसली. "साहेब, अर्जाच्या वर्णनात हे पहिल्यापासून आहे. पत्रा कोरडा राहिला पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. दाव्यात 'कोरड्या' हा शब्द घालू या, असं मी सुचवलं होतं. चुरीसाहेबच म्हणाले, मर्यादा कशाला घालायची."

"चुकलो," बळवंत म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून सुलूने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

देवधरसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "आजी, कोरड्या हाताने जमेल?"

"न जमायला काय झालं?" काकूने हात पदराला खसाखसा पुसले. "बसा."

पहिल्या खेपेला दोन पानं आली. काकूने ती परत ठेवली. "हात सुकला नव्हता." दुसऱ्या खेपेला एक आलं. तिसऱ्या खेपेला तीन. काकूच्या कपाळावर आठी पडली. तिने हाताला राख लावून बघितली, पीठ लावून बघितलं, डाव्या हाताने करून बघितलं. बाहेर पानांची गाडी आली आणि भोंगा वाजायला लागला.

"थांब म्हणावं त्याला!" काकू ओरडली. चाळीस वर्षांत त्या गाडीला कुणी थांबवलं नव्हतं.

देवधरसाहेबांनी मग रीतसर ठरवून दिलं. काकूने चाळीस खेपा करायच्या, मशीनने चाळीस करायच्या, दोन्ही कोरड्या. मग दोन्ही गड्ड्या मोजायच्या. बळवंत मोजायला पुढे झाला, तशी साहेबांनी मान हलवली.

"अर्जदाराने नको. आजींनी मोजावं. पानं मोजण्यात त्यांचा हात धरणारा इथे कोणी दिसत नाही."

झालं! ज्या बाईला बळवंतचं मशीन बुडून तो मळ्यात यायला हवा होता, तिच्याच अंगठ्याखाली आता सगळा निकाल होता. मशीनच्या गड्डीत चाळीस निघाली तर पेटंट जगलं. काकूने एक्केचाळीस म्हटलं असतं, तर पडद्याआडून कोण पडताळणार होतं?

काकूने आधी स्वतःची गड्डी मोजली. ओठ हलत होते. "एक्कावन्न. म्हंजे अकरा जोड्या," ती पुटपुटली.

मग तिने मशीनची गड्डी घेतली. मोजली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. बाहेर भोंगा वाजतच होता. सुलूच्या हातातलं फडकं पिळून निघालं. बळवंतने डोळे मिटून घेतले.

"चाळीस," काकू म्हणाली. "एक बी जोड नाय." आणि मग लॅपटॉपकडे बघून ठासून म्हणाली, "माज्याकडून अकरा जोड्या झाल्या, त्ये बी लिवा सायेब. पानाच्या मोजणीत खोटं बोललं तर येल सुकतो."

बळवंतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली वाकला आणि काकूच्या पाया पडला. काकूने त्याला ढकललं. "उठ, शर्ट मळंल. ती इस्त्री कोण करणार, तुजं मशीन?" मग तिने पदराची गाठ सोडली आणि गाडीवाल्याला शिव्या घालत बाहेर गेली. पण तिची पाठ नेहमीपेक्षा वाकलेली होती, हे सुलूने बघितलं.

तीन महिन्यांनी हुकूम आला. 'कोरड्या' हा शब्द घालून पेटंट मंजूर. हुकुमात बळवंतचं नाव एकदा होतं आणि 'श्रीमती झुंबर चुरी यांनी केलेलं प्रात्यक्षिक' चार वेळा. काकूने तो कागद रामाकडून दोनदा वाचून घेतला, मंगळीला बोलावून तिसऱ्यांदा वाचून घेतला, आणि देव्हाऱ्यात ठेवला. बळवंत शेडवर पेढे घेऊन गेला. बॅटरीच्या एका कंपनीची माणसं मशीन बघायला येणार होती. सगळं कसं छान चाललं होतं.

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर काकूने बळवंतच्या पुढ्यात पानांची एक कवळी ठेवली.

"मोज."

बळवंतने मोजली. चाळीस.

"किती खेपा?"

"चाळीस. कोरड्या हाताने," काकू म्हणाली. "वाटी बगितलीस का कुठं? रोज दुपारी बसत व्हते. तुज्या मशीनला सात वर्सं लागली, माना तीन म्हैने. आता त्या सायबांना फोन लाव आन सांग, म्हातारीला जमलं."

"काकू! कोणाला सांगू नकोस! पेटंट जाईल माझं!"

"मी खोटं कसं बोलू? कोणी इचारलं तर?"

"कोणी विचारणार नाही! तू फक्त गप्प राहा. काय हवं ते माग."

काकूने बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. "मळ्यात येल बांधायचे हायेत. माजे हात आता मांडवाला पोचत नाय."

"येतो. दर शुक्रवारी येतो. शेड बंदच असते."

तेव्हापासून बोईसरला सुट्टी असली की बळवंत चुरी केळव्याच्या पानमळ्यात शिडीवर उभा असतो. सुरुवातीला तो कुरकुरायचा. आता वेलाला गाठ कुठे मारायची यावरून तो काकूशी भांडतो, आणि परवा तर तो रामाला सांगत होता की वेल खाली घेण्याची एक नवी युक्ती त्याला आंघोळ करताना सुचली आहे.

मध्यंतरी दिशाचा फोन आला होता. बळवंत शिडीवर होता, म्हणून सुलूने घेतला. बोलता बोलता तिने विचारलं, काकूंना आता कोरड्या हाताने जमतं, त्याने काही बिघडेल का? दिशा हसायला लागली. "अहो, अर्ज केला त्याच्या आधी जमत असतं तर गोष्ट वेगळी. आता काकूंनी गावजेवणात करून दाखवलं तरी पेटंटला धक्का लागत नाही."

सुलूने ते नवऱ्याला सांगायचं ठरवलं आहे. पण काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माना ठावं हाय ग. रामाने मागंच सायबाच्या हापिसात इचारून सांगितलं. पन आधी समदे येल बांधून होऊ दे."